उजवा कोपरा

माझी ताई विमा कंपनीत होती. काम एकच, नुकसानीचे फोटो काढायचे. कुठे दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, ट्रकने भिंत पाडली, की कंपनी सगळ्यात आधी ताईला पाठवायची. ती फोटो काढायची, प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायची आणि फाइल वर पाठवायची. भरपाई द्यायची की नाही हे साहेब लोक ठरवायचे, पण ठरवायचे ते तिच्या फोटोंवरून आणि त्या एका ओळीवरून.

सव्वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाचा कोणावर विश्वास राहील? लोक तिला जुना पोचा कालचा म्हणून दाखवत. भिजलेल्या मालात आधीच सडलेला माल मिसळत. एकाने तर जळालेलं फर्निचर शेजाऱ्याकडून मागून आणलं होतं. ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि खाली वाकून भेगेत टाचणी घालायची. टाचणीच्या टोकाला धूळ आली की भेग जुनी. नवी भेग स्वच्छ असते. या एका टाचणीने तिने कित्येकांना उघडं पाडलं होतं. ऑफिसात तिला पाठीमागे 'शंकासुर' म्हणत. शंकासुराचं स्त्रीलिंग कोणाला सुचलं नाही म्हणून तेच चाललं.

घरीही तीच तऱ्हा. माचिसच्या पेटीवर पन्नास काड्या लिहिल्यात म्हणून ती मोजणारी. लग्न ठरवताना तिने भाऊजींनी शिवलेला शर्ट मागून घेतला, उलटा करून आतली शिलाई पाहिली आणि मगच 'हो' म्हणाली. भाऊजी शिंपी. पुढच्या खोलीत त्यांची मशीन, खिडकीला लागून. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि वाचनालयात काम करते. मूलबाळ त्यांनाही नाही, मलाही नाही, त्यामुळे जेवायला बहुतेक वेळा आम्ही तिघं एकत्रच.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना ताईने नवी लेन्स घ्यायची ठरवली. कॅमेरा तिचा स्वतःचा होता, चांगला होता, पण त्यावरच्या जुन्या लेन्सच्या काचेत बुरशी शिरली होती. नवी हवी होती ती अगदी जवळून फोटो घेणारी. केसाएवढा तडा असला तरी तो बोटाएवढा दिसावा अशी.

दुकानात ती मला बरोबर घेऊन गेली. "दोन डोळ्यांपेक्षा चार बरे," म्हणाली. दुकानदार बोलका माणूस होता. त्याने खोका काउंटरवर ठेवला आणि ताईचा चेहरा बदलला. खोक्याचं सील कापलेलं होतं.

"हे कोणी फोडलं?"

"मीच. काल एका गिऱ्हाइकाला दाखवायला."

"म्हणजे हाताळलेली आहे."

"दाखवलेली आहे, बाई. दाखवणं आणि हाताळणं यात फरक आहे."

"काय फरक आहे?"

दुकानदाराने लेन्स बाहेर काढून तिच्यापुढे ठेवली. ताईने खोक्यावरचा नंबर, वॉरंटीच्या कार्डावरचा नंबर आणि लेन्सवर कोरलेला नंबर तिन्ही मला मोठ्याने वाचायला लावले. जुळले. मग पर्समधून बॅटरी काढून तिने एका बाजूने लेन्समध्ये उजेड सोडला आणि दुसऱ्या बाजूने एक डोळा मिटून पाहत राहिली. आत धुळीचे तीन कण होते.

"नव्या लेन्समध्ये धूळ कशी?"

"प्रत्येकीत असते. फोटोत येत नाही."

तिने लेन्स कानाशी धरून हलवली. आतली पाती उघडझाप करून पाहिली, त्यांच्यावर तेलाचा डाग नाही ना म्हणून. फिरवायची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनदा फिरवली, मध्येच कुठे अडते का ते बोटांना विचारत. मागे चार गिऱ्हाइकं उभी राहिली.

"लेन्स आहे बाई, हिरा नव्हे," दुकानदार म्हणाला.

"हिऱ्यासाठी मी एवढे पैसे मोजले नसते," ताई म्हणाली. "बिलावर लिहून द्या. सात दिवसांत दोष निघाला तर बदलून देणार."

"दुसरी लेन्स यायला दोन महिने लागतील."

"लागू देत. तुम्ही लिहा."

त्याने लिहिलं. ताईने सही ताडून पाहिली, शिक्का सुकेपर्यंत थांबली, मगच आम्ही निघालो. वाटेत म्हणाली, "एवढ्या पटकन लिहून दिलं. यात काहीतरी आहे."

"नसतं दिलं तर?"

"तर नक्कीच काहीतरी आहे म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच तिने मला खाली बोलावलं. भाऊजींच्या खोलीतल्या मोकळ्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलेलं होतं, चारही कडा ताणून, पाणसळ लावून सरळ. पानाच्या मधोमध पावडरच्या डबीतला गोल आरसा. तिपाईवर कॅमेरा.

"आरसा कशाला?"

"कॅमेऱ्यातून बघ."

मी पाहिलं. आरशात लेन्सच दिसत होती, पण जराशी खाली.

"लेन्स स्वतःला आरशाच्या बरोबर मध्यावर दिसली पाहिजे. तरच कॅमेरा भिंतीला सरळ. नाहीतर उद्या तो दुकानदार म्हणायचा, तुम्हीच वाकडा धरला होता."

लेन्स मध्यावर यायला पाऊण तास गेला. भाऊजी मशीन बंद करून बसले होते, कारण पायडल मारलं की जमीन थरथरते असा ताईला संशय होता. गिऱ्हाइकाचा ब्लाउज मांडीवर घेऊन ते हातानेच हूक लावत राहिले.

मग फोटो. आतलं प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून एक, थोडं लहान करून दुसरा, असे अकरा. बटण दाबताना कॅमेरा हलेल म्हणून तिने फोटो दोन सेकंदांनी आपोआप निघेल असं लावलं आणि श्वास रोखून उभी राहिली. तिच्याबरोबर आम्हीही श्वास रोखला. का ते आम्हाला ठाऊक नाही.

फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. डावीकडचं 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे' स्वच्छ वाचता येत होतं, फोन नंबरासकट. मधली 'जुनी सायकल विकणे'सुद्धा. उजवा कोपरा मात्र डोळ्यात पाणी आल्यासारखा. अक्षरं होती, पण कडा विरघळलेल्या.

"बघ," ताई म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं. खरं सांगायचं तर समाधान होतं.

"कागदच तिथे फुगला असेल," भाऊजी हळूच म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, तिपाईवरचा कॅमेरा उलटा केला, पुन्हा आरसा, पुन्हा पाऊण तास. आता कागदाचा उजवा कोपरा स्वच्छ आला आणि डावा विरघळला. म्हणजे कागद निर्दोष. मग तिने जुनी लेन्स लावून पाहिली, पण ती बुरशीमुळे सगळीकडे सारखीच मठ्ठ, तिच्याकडून काही कळेना.

"परत आलेली लेन्स आहे," ताईने निकाल दिला. "कोणीतरी पाडली, परत केली, आणि याने माझ्या गळ्यात मारली. सील उगाच नव्हतं कापलं."

सोमवारी आम्ही पुन्हा दुकानात. ताईने फोटो छापून नेले होते, लाल पेनाने गोल करून. दुकानात बरीच गर्दी होती, आणि तिला तेच हवं होतं.

"पडलेली लेन्स नवी म्हणून विकता?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

दुकानदाराचा बोलकेपणा गेला. "बाई, एकवीस वर्षं झाली दुकानाला. असं कोणी म्हणालेलं नाही."

"कोणी तपासलं नसेल."

एक गिऱ्हाईक हातातलं पाकीट खिशात ठेवून बाहेर पडलं. दुकानदाराने ते पाहिलं. मग मागच्या बाजूला वळून म्हणाला, "काका, जरा बघता का?"

मागे एका छोट्या टेबलाशी दुरुस्तीवाले काका बसत. पांढऱ्या मिश्या, कपाळावर सरकवलेलं भिंग. त्यांनी ताईचे फोटो पाहिले आणि पहिल्यांदाच कोणीतरी तिचं कौतुक केलं. "आरसा लावला होता वाटतं? छान. हल्ली कोणी एवढं करत नाही."

ताई फशी पडणारी नव्हती. "मला गोड बोललेलं चालत नाही."

काकांनी लेन्स काढून दुकानातल्या कॅमेऱ्यावर लावली. समोरच्या भिंतीवर त्यांचा स्वतःचा रेघारेघांचा तक्ता होता. फोटो काढला. चारही कोपरे स्वच्छ.

"हा कॅमेरा तुमचा," ताई म्हणाली. "यात काय केलंय मला काय माहीत."

"बरोबर," काका शांतपणे म्हणाले. "तुमचाच कॅमेरा द्या. आणि लेन्स दुसरी लावू, दुकानातली कुठलीही. तुम्हीच निवडा."

ताईने कपाटातली सगळ्यात मागची लेन्स निवडली. ती तिच्या कॅमेऱ्यावर लावली. उजवा कोपरा धूसर. तिसरी लावली. उजवा कोपरा धूसर.

काकांनी काटा असलेलं एक मोजायचं यंत्र काढलं आणि कॅमेऱ्याच्या तोंडावरची धातूची कडी, जिच्यात लेन्स अडकते ती, चारही बाजूंनी मोजली. काटा उजवीकडे थरथरला.

"एका बाजूने बसलीय. केसभर. कॅमेरा पडलाय, बाई."

"माझा कॅमेरा कधीच पडलेला नाही."

"दूरचे फोटो काढताना, छिद्र लहान ठेवून, कळलं नसेल. पण जवळून काढलेल्यात दिसायला हवं होतं. तुम्ही बघता ते मधोमध बघता ना? सगळेच तसं बघतात."

ताईने कॅमेरा हातात घेतला आणि खालचा कोपरा उजेडाकडे वळवला. रबराच्या कडेखाली, नखाने उचललं तरच दिसेल असा, एक बारीक पोचा होता. तिने पर्समधून टाचणी काढली. मी तिच्या शेजारीच उभी होते. टाचणीचं टोक पोच्यात फिरलं आणि वर आलं ते करडी, घट्ट बसलेली धूळ घेऊन.

"जुना आहे," ताई म्हणाली.

मी एक पाऊल मागे सरकले. तोवर मला खरंच आठवलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी माझ्या घराला रंग देत होते आणि मी पंधरा दिवस ताईकडे झोपायला होते. वाचनालयाच्या नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. ताई झोपली होती, तिला कशाला उठवायचं म्हणून मी कपाटातून कॅमेरा काढला. पट्टा दाराच्या कडीत अडकला. कॅमेरा फरशीवर, कोपऱ्यावर. मी चालू करून पाहिला, चालला, पुसला, जागेवर ठेवला. चालतोय म्हणजे झालं, असं मला वाटलं आणि मी विसरून गेले. अगदी मनापासून विसरले. मन नको त्या गोष्टी किती टापटिपीने विसरतं.

ताईने दुकानदाराकडे वळून सगळ्यांसमोर सांगितलं, "लेन्स चांगली आहे. माझं चुकलं. पण सील कापायला नको होतं." तिच्या हिशेबाने ही माफी होती. दुकानदाराने ती तशीच घेतली आणि कडी बदलायला काकांनी तीन दिवस मागितले.

घरी येऊन ती भाऊजींसमोर उभी राहिली.

"कॅमेरा कोणी पाडला?"

"मी हात लावलेला नाही," भाऊजी म्हणाले.

"घरात आपण दोघंच राहतो. मी पाडलेला नाही."

मी तिथेच होते. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. पण ताईची ती नजर, जिने दुकानदाराचं पाकीटवालं गिऱ्हाईक पळवलं, ती त्या क्षणी भाऊजींवर होती, आणि ती माझ्याकडे वळू नये एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं, "मला भाजी घ्यायची आहे," आणि बाहेर पडले. भाजी घरात होती.

दोन दिवस त्या घरात काय चाललं होतं ते वरच्या मजल्यावरूनही कळत होतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. ताई नुसती पाहायची. भाऊजी चहा ओतत असले की त्यांच्या हाताकडे. ते खिडकीशी गेले की खिडकीकडे. "चार वर्षांत एकदाही काही पडलं नाही तुमच्या हातून?" ती भाजी चिरता चिरता विचारायची, जसं कोणी हवापाण्याबद्दल विचारतं. बत्तीस वर्षं एका टाक्याचीही चूक न केलेल्या माणसाने बुधवारी एका कुर्त्याची बाही उलटी जोडली.

ती उलटी बाही उसवताना मी त्यांना पाहिलं आणि मला राहवलं नाही. ताई स्वयंपाकघरात होती. मी दारातच म्हटलं, "ताई, मी पाडला." आणि सगळं सांगून टाकलं, पट्टा, कडी, फरशी.

ताईने गॅस बंद केला. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. ती म्हणाली, "तारीख?"

"काय?"

"कुठल्या तारखेला पाडलास?"

"अगं, चार वर्षं झाली..."

"नोकरीच्या अर्जाची प्रत असेल तुझ्याकडे. त्यावर तारीख असेल. घेऊन ये."

मी वर पळाले. जिन्यात भाऊजी मागून आले. "आवाज मी ऐकला होता तेव्हा," ते म्हणाले. "शिवत होतो. धप्पकन झालं."

"मग सांगितलं का नाहीत? दोन दिवस तिने तुमचा जीव खाल्ला."

"तू सांगशील म्हणून थांबलो. मी सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती." एवढं बोलून ते पुन्हा बाही उसवायला गेले. त्यानंतर मी त्यांच्याशी बरेच दिवस नीट नजर मिळवू शकले नाही.

तारीख ताईला का हवी होती, ते मला संध्याकाळी कळलं. तिने ऑफिसातून जुन्या फायलींच्या प्रती आणल्या होत्या. त्या तारखेनंतर जवळून काढलेले सगळे फोटो. ती एकेक फोटो उघडायची आणि फक्त उजवा कोपरा मोठा करायची. सव्वीस वर्षं तिने जगावर संशय घेतला होता. आता पहिल्यांदाच ती स्वतःच्या फोटोंकडे तसं पाहत होती, आणि ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिचा हात एका फोटोवर थांबला. लाँड्रीतलं इस्त्रीचं मोठं यंत्र. छताचा लोखंडी पाइप निखळून त्यावर पडला होता. लाँड्री चालवणारी बाई म्हणत होती, यंत्राचं ओतीव लोखंडी अंग तडकलंय. फोटोत यंत्राची उजवी कड धूसर होती. त्या धूसरात एक रेघ होती की नव्हती, सांगता येत नव्हतं. खाली ताईच्या अक्षरात ओळ: 'रंगावरचा ओरखडा. तडा नाही.' छताचे पैसे मंजूर, यंत्राचे नामंजूर.

"फोटोत दिसलं नाही म्हणून तू लिहिलंस," मी म्हटलं. "माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे फोटो बिघडला," ताई म्हणाली. "ओळ मी लिहिली. ती बाई मला बोट ठेवून दाखवत होती. म्हणत होती, इथे हात लावून बघा. तिचा नवरा सारखा मध्येमध्ये बोलत होता, आणि मला वाटलं, एवढं बोलतोय म्हणजे लपवतोय. मी टाचणीच काढली नाही."

कॅमेरा दुरुस्त होऊन आला. ताईने त्याची तपासणी किती वेळ केली ते मी सांगत बसत नाही. शनिवारी आम्ही लाँड्रीत गेलो.

लाँड्रीवाली साठीकडे झुकलेली, बाह्या दुमडलेली. पुढच्या भागात कापडांचे गठ्ठे, वाफेचा वास, तारेवर चिठ्ठ्या लावलेले शर्ट. तिने ताईला लगेच ओळखलं.

"ओरखडावाल्या बाई," ती म्हणाली.

ताईने मान खाली घातली नाही, पण आवाज खाली आणला. "मला यंत्र पुन्हा बघायचंय."

"का?"

"तेव्हाचा माझा कॅमेरा सदोष होता."

"चार वर्षांनी कळलं? कोणी पाठवलंय तुम्हाला? छताचे दिलेले पैसे परत मागायचा विचार आहे का?"

"नाही."

"मग तुमचा यात काय फायदा?"

हा तर ताईचाच प्रश्न. फायदा नसताना कोणी काही करतं यावर तिचा स्वतःचाच कुठे विश्वास होता? लाँड्रीवालीने तिचं ओळखपत्र मागितलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आपल्या फोनवर त्याचा फोटो काढला. मग माझ्याकडे वळली. "ह्या कोण?"

"माझी धाकटी बहीण. कॅमेरा हिनेच पाडला होता."

"बहिणीवर ढकलताय," लाँड्रीवाली म्हणाली, पण दार उघडलं.

यंत्र मागे होतं, काही वर्षं तसंच ओढून आता बंद. नवं घेणं जमलं नव्हतं. दोन बाया टेबलावर हाताने इस्त्री करत होत्या, आणि लाँड्रीवालीचा नवरा वर्षभरापूर्वी वारला होता. यंत्रावर घड्या घातलेल्या चादरींचा ढीग होता. लाँड्रीवालीने तो एकटीने उचलला, आम्हाला हात लावू दिला नाही. खाली उजव्या कडेला तडा. आता तो वितीएवढा वाढला होता. ताई गुडघ्यांवर बसली, टाचणी काढली आणि तड्याच्या दोन्ही टोकांना फिरवली. वरच्या टोकाशी धातू अजून स्वच्छ होता, म्हणजे तिथे तो अलीकडे सरकलेला. खालच्या टोकाला गंज आणि कपड्यांचे बारीक तंतू, थरावर थर, दाबून बसलेले.

"इथून सुरू झालाय," ताई म्हणाली. "चार वर्षांचा तरी आहे."

"मी तेव्हाच सांगत होते."

"हो. सांगत होतात."

तिने फोटो काढले, नव्या लेन्सने, अगदी जवळून. लाँड्रीवाली तिच्या खांद्यामागे उभी राहून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत होती. "तो कोपरा मोठा करून दाखवा," ती म्हणाली. ताईने दाखवला. "दुसरा." दुसराही दाखवला. चारही कोपरे पाहून झाल्यावर बाई म्हणाली, "याची एक प्रत मला हवी. आत्ता." आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली. तिने ती यंत्राशेजारी धरून बोटाने तडा ताडून पाहिला आणि कपाटात कुलूप लावून ठेवली.

ताईने ऑफिसला पत्र लिहिलं. त्यात कॅमेऱ्याबद्दल दोन ओळी होत्या आणि स्वतःबद्दल पाच. साहेब म्हणाले, "अहो, कॅमेऱ्यावर सोडून द्या ना. स्वतःविरुद्ध कशाला लिहिताय?" ताई म्हणाली, "कॅमेऱ्याने ओळ लिहिली नव्हती." तिच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद आली, सव्वीस वर्षांतली पहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. भाऊजींनी तिच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसले.

बाकीच्या फायलीही तिने सोडल्या नाहीत. सतरा शंकास्पद निघाल्या. चार महिने सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी दारोदार हिंडलो, मी बॅटरी धरून. ती माझी शिक्षा होती, पण ताईने ती तशी कधी म्हटली नाही. चौदा ठिकाणी तिची ओळ बरोबर निघाली. एका ठिकाणी काही सांगता आलं नाही. आणि दोघे जण तर तेव्हा पकडले गेले त्याहून जास्त खोटारडे निघाले. ते कळलं त्या दिवशी ताई पोटभर जेवली.

पाचव्या महिन्यात लाँड्रीवालीचा फोन आला. कंपनीचं पत्र आलं होतं, यंत्राची भरपाई मंजूर. आवाजात आनंद वगैरे काही नव्हता. "तुम्ही या," ती म्हणाली. "मला हे पत्र खरं वाटत नाही."

आम्ही गेलो. तिने दोन खुर्च्या पुढे केल्या, पहिल्यांदाच. तिसरी आणायला विसरली, मी गठ्ठ्यावर बसले. ताईने पत्र उजेडाकडे धरून कागद पाहिला, शिक्का पाहिला, सही पाहिली. "खरं आहे."

"मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

"अटी."

"वाचा."

ताई एकेक अट मोठ्याने वाचू लागली. बाई प्रत्येक ओळीनंतर थांबवायची, "म्हणजे काय?", आणि ताई सांगायची, आणि बाई विचारायची, "असंच का लिहिलं, सरळ का नाही लिहिलं?", आणि ताई म्हणायची, "हे मलाही खटकतंय." इस्त्रीवाल्या बायांनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. दोघींची डोकी त्या कागदावर इतकी जवळ आली होती की मला पत्र दिसेनासं झालं. नवव्या अटीशी ताई थबकली, पत्राची पुढची बाजू उलटली, पुन्हा मागची.

"यंत्राचा नंबर मागे चुकलाय, पुढच्याशी जुळत नाही. शेवटचा आकडा."

"मला वाटलंच होतं," लाँड्रीवाली म्हणाली, आणि चष्मा घालून स्वतः पडताळायला यंत्राकडे गेली.